मोनालीचा उजवा पाय

हुडकेश्वरच्या एका दुमजली घरात एक उजवा पाय गेली दहा-अकरा वर्षं आजारी होता. त्याला काहीही झालेलं नव्हतं, पण हे फक्त त्या पायाच्या मालकिणीला ठाऊक होतं. मोनाली गजभिये जिना चढायला लागली की खालून वडिलांची हाक यायची, "हळू वं, उजवा पाय सांभाळ." थंडी पडली की तेलाची वाटी गरम व्हायची. एकदा तिला बघायला पाहुणे आले, तर वडिलांनी कोणी विचारलेलं नसताना सांगून टाकलं, की पोरगी गुणाची आहे, फक्त उजव्या मांडीले जरा जपा लागते. पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच. मोनालीला त्या पाहुण्यांचं काडीचंही दुःख झालं नाही. धडधाकट पायावर असा आळ यावा, याचा मात्र तिला संताप होता.

वडिलांचा, म्हणजे रविंद्र गजभियेंचा, यात दोष किती हे ठरवणं कठीण. सारी नोकरी विजेच्या खांबांवर चढून झालेली. सोबतची माणसं वरून पडून जन्माची अधू झालेली त्यांनी पाहिली होती. बायको मोनालीच्या शाळेच्या दिवसांतच गेली. मागे उरली ही एकच पोरगी, आणि ती निघाली पळणारी. अशा बापाला भीती दाखवायला फार अक्कल लागत नाही. नानाजी सरांना तेवढी नेमकी होती.

नानाजी सर मोनालीच्या कॉलेजात क्रीडाशिक्षक. मोनाली शेवटच्या वर्षाला होती तेव्हा विद्यापीठाच्या मुलींच्या संघाचे मॅनेजरही तेच होते. चार बाय चारशेच्या रिलेत मोनाली शेवटची पळायची. शेवटी पळणारीच्या हातात बॅटन येतं तेव्हा आधीच्या तिघींनी केलेली सगळी घाण किंवा सगळी कमाई तिच्या हातात येते. मोनालीने कमाई कधी गमावली नव्हती आणि घाण बऱ्याचदा निस्तरली होती. अखिल भारतीय स्पर्धेत संघ पहिल्या तिघांत आला असता तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर तिला उभं राहता आलं असतं. तिला फौजदार व्हायचं होतं. गल्लीतली पोरं तिला तेव्हापासूनच "साहेब" म्हणायची.

पण संघात कामिनी राखीव होती, आणि कामिनी कॉलेजच्या संस्थेच्या अध्यक्षांची पुतणी होती. अध्यक्षांना पुतणीचा फोटो पेपरात हवा होता. आता घड्याळ काही कोणाचं नातेवाईक नसतं. सगळ्यांत वेगाने पळणाऱ्या पोरीला काढायचं तर ती पळूच शकत नाही, असं दाखवावं लागणार. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी सर स्वतः स्कूटर घेऊन हुडकेश्वरला आले. मोनाली तेव्हा बाजारात गेली होती, हेही त्यांनी बघूनच घेतलं असणार.

ती परतली तेव्हा सरांचा चहा संपत आला होता आणि बाबा हात जोडून बसले होते.

"पोरगी उजव्या मांडीचं दुखणं लपवून राहिली, रविंद्रभाऊ," सर म्हणत होते. "आता पळाली तर जन्माची लंगडी होईन."

"बाबा, मले काही नाही झालं," मोनाली दारातूनच म्हणाली.

"दुखणं लपवणारा असंच म्हणते," बाबा म्हणाले. "सर खोटं कायले बोलतीन?"

तिने अंगणात उड्या मारून दाखवल्या. गल्लीच्या टोकापर्यंत पळून आली. बाबांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी तिचे खिळ्यांचे बूट उचलले आणि कपाटाच्या वर, तिचा हात पोचणार नाही तिथे ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी ती साध्या चपलांवर कॉलेजच्या फाटकापाशी गेली. बस सुरू झाली होती. सरांनी खिडकीतून हात हलवला आणि अगदी मायेने म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू, बेटा." ती शेवटच्या वर्षाला होती. कोणतंच पुढचं वर्ष नव्हतं, आणि हे सरांइतकं चांगलं कोणालाच माहीत नव्हतं.

त्या दिवशी मोनालीने सरांवर डूख धरला. माफ करणारी माणसं मोठी असतात म्हणे. मोनालीला मोठं व्हायची हौस नव्हती.

पोटासाठी मात्र काहीतरी करणं भाग होतं. तिला एका जिममध्ये रिसेप्शनवर बसायची नोकरी मिळाली. मालकाने जिमचं फेसबुक पेज तिच्या गळ्यात मारलं, कारण त्याला त्यात सेल्फीपलीकडे काही कळत नव्हतं. तिने पिळदार दंडांचे फोटो बंद केले. त्याऐवजी साडीचा पदर खोचून पहिल्यांदाच वजन उचलणाऱ्या एका शेजारच्या काकूचा व्हिडिओ टाकला. महिन्याभरात सकाळच्या बॅचला बायकांची रांग लागली. मग बाजूच्या सावजी हॉटेलवाल्याने विचारलं, मग साडीच्या दुकानाने, मग दातांच्या डॉक्टरने. मोनालीला एक गोष्ट मैदानानेच शिकवली होती: सुरुवात चुकली की पुढे कितीही जोर लावा, मागेच राहता. व्हिडिओचंही तसंच. पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला नाही, तर गेला. बाकीचे लोक मालाची तारीफ करत बसायचे, ही सरळ सुरुवातीलाच हात घालायची.

आता रामदासपेठेत एका पॅथॉलॉजी लॅबच्या वर तिचं ऑफिस आहे. चार जण कामाला. त्यातला रजत जाहिराती लावायचं काम बघतो, आणि त्याला तिचे नियम तोंडपाठ आहेत. पहिला नियम असा, की ज्याचं उत्तर आपल्याला आधी माहीत नाही असा प्रश्न लोकांना जाहीर विचारायचा नाही. "आमची सेवा कशी वाटली?" असं एका हॉलवाल्याने हौसेने विचारलं होतं, तर एका लग्नातल्या शिळ्या बासुंदीची कहाणी आठवडाभर गावभर फिरली. तेव्हापासून हा नियम पक्का.

यंदा उन्हाळ्याच्या शेवटी त्याच ऑफिसचा जिना चढून नानाजी सर आले. केस रंगवलेले, गळ्यात शिटी. निवृत्त झाले होते आणि बेसा रोडला मुलींसाठी धावण्याची अकॅडमी काढत होते.

"अरे, तू तर आपलीच पोट्टी," ते खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाले. "नाव आयकलं तुहं, म्हटलं आपल्या विद्यार्थिनीलेच काम देऊ. पाय बरा आहे ना आता?"

रजतने चमकून तिच्याकडे पाहिलं. या माणसाने रचलेली थाप आता त्यालाच खरी वाटायला लागली होती.

"बरा आहे, सर," ती म्हणाली. "बोला, काय करायचं?"

सरांना गुरुपौर्णिमेला एक मोठी पोस्ट हवी होती. वर त्यांचा फोटो, खाली प्रश्न: नानाजी सरांनी तुम्हाला काय दिलं? जुन्या मुलींनी खाली मनापासून लिहायचं, ते वाचून आईबापांनी पोरींना अकॅडमीत घालायचं. दुसरा कोणी गिऱ्हाईक असता तर मोनालीने त्याला हाताला धरून अडवलं असतं. सर स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत होते, आणि धोंडा उचलायला हिलाच मदतीला बोलावत होते.

"तुम्ही म्हणाल तसं, सर," ती म्हणाली.

ते गेल्यावर रजत म्हणाला, "ताई, हे आपल्या नियमात बसते का?"

"नाही बसत."

"मंग काहून करून राहिल्या?"

मोनालीने त्याला सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढला नाही, यानेच तो जास्त घाबरला. मग तिने स्वतः बसून जाहिरात कोणापुढे जावी ते ठरवलं. पोरींच्या आईबापांपुढे तर जाईलच, पण त्याहून जास्त जावी तिशीच्या आसपासच्या बायकांपुढे, नागपूर, वर्धा, भंडाऱ्याकडच्या, ज्यांना कधीकाळी धावण्याचं वेड होतं. खोटं एक अक्षर तिने लिहिलं नाही. सरांनी सांगितलेला प्रश्न, सरांनी दिलेला फोटो, सरांच्याच पेजवर टाकला. फक्त ज्या पोरींना उत्तर माहीत होतं, त्यांच्या दारापर्यंत तिने तो नेऊन ठेवला. हे चांगलं केलं असं मी म्हणणार नाही. पण तिच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं, आणि तिच्याइतक्या सफाईने जमलं नसतं.

पहिल्या दिवशी सगळीकडे फुलंच फुलं. सर ग्रेट, सर देवमाणूस, सरांमुळे शिस्त लागली. सरांनी फोन करून मोनालीची पाठ थोपटली. मोनालीला वाटलं, हा माणूस याही खेपेला बसमध्ये बसून हात हलवत निघून जाणार.

मग दुसऱ्या दिवशी दुपारी कामिनीने लिहिलं.

"सरांनी मला मोनालीची जागा दिली. तिच्या पायाला काहीही झालं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी काकांमुळे गेले. माझ्या हातात बॅटन आलं तेव्हा आपण दुसऱ्या होतो. मी शेवटची आले. त्यानंतर मी कधीच पळाले नाही. मोनाली, तुझं नाव घ्यायला इतका उशीर केला, मला माफ कर."

संध्याकाळपर्यंत तिच्याखाली आणखी बायका येऊन उभ्या राहिल्या. एकीचा गोळाफेकीचा संघ, एकीची लांब उडी. प्रत्येकीच्या घरी सर चहा प्यायला गेले होते, आणि प्रत्येकीच्या आईबापाला त्यांनी कुठलं ना कुठलं दुखणं सांगितलं होतं. मोनाली वाचत होती आणि तिला गोड लागत होतं. ते गोडच होतं, उगाच दुसरं नाव कशाला द्या?

सरांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज फाटला होता.

"हे काढून टाक पहिले."

"पेज तुमचं आहे, सर. तुम्हीच काढा."

"मले कुठं येते ते? कुठं दाबू, तेवढं सांग."

"पुढच्या वर्षी बघू, सर."

ते म्हणाले, "तू मुद्दाम केलं."

"हो, सर," असं म्हणून मोनालीने फोन ठेवला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली आली, तर बाबा चष्मा लावून मोबाईल डोळ्यांजवळ धरून बसले होते. बाजूला तेलाची वाटी होती.

"हे कामिनी खोटं बोलून राहिली असन," बाबा म्हणाले. "सर स्वतः घरी आले होते वं. स्वतः."

अख्ख्या विदर्भाला पटलं आणि या एका माणसाला पटत नव्हतं. आणि इतकी वर्षं मोनालीला पटवायचं होतं ते फक्त यालाच. बूट कपाटावर सरांनी ठेवले नव्हते, बाबांनी ठेवले होते. बापावर राग काढता येत नाही म्हणून दोघांचा मिळून राग तिने एकट्या सरांवर साठवला होता. हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि ती ओरडलीच.

"मंग विचारा ना त्याले. आता, माह्यासमोर."

बाबांनी खरंच नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला. "नमस्कार सर. रविंद्र गजभिये बोलतो, मोनालीचा बाप."

"अरे रविंद्रभाऊ," सरांना जणू बुडताना काठ दिसला. "तुम्ही समजवा हो पोरीले. भल्ली बदनामी करून राहिली. तिच्याच भल्यासाठी केलं होतं मी. पाय गेला असता तिचा."

"हो सर, तुमचे उपकार आहेत," बाबा सावकाश म्हणाले. त्यांनी वाटीतल्या तेलाकडे पाहिलं. "म्या तवापासून जपलं तिले. फक्त एक सांगा जी. कोणता पाय होता?"

"डावा," सर म्हणाले. "डाव्या मांडीचा स्नायू. मले पक्कं आठवते."

बाबांनी फोन बंद केला. मग वाटी उचलली, मोरीत जाऊन तेल ओतून दिलं आणि वाटी घासून पालथी घातली. परत येऊन खुर्चीवर बसले. मोनालीकडे त्यांना बघवत नव्हतं. माफ केलं असं म्हणायची तिला घाई नव्हती.

त्यांनी मोबाईल पुन्हा हातात घेतला. या पेजवर त्यांनी आजवर कधी काही लिहिलेलं नव्हतं. दुसरीकडेही "जय भीम" आणि "छान" यापलीकडे त्यांचं बोट कधी गेलं नव्हतं. आता एकाच बोटाने, एकेक अक्षर शोधत, ते सरांच्या फोटोखाली लिहायला लागले. बराच वेळ गेला. मग त्यांनी मोबाईल तिच्यापुढे धरला.

"सर तवा माह्या घरी उजवा पाय म्हणले होते. आज फोनवर डावा म्हणले. पोरगी खरं बोलत होती. मीच तिचे बूट लपवले. रविंद्र गजभिये, बाप."

"बराबर लिहिलं का वं?" बाबांनी विचारलं.

"बराबर आहे, बाबा."

"मंग आता कुठं दाबू?"

मोनालीने बोट पुढे केलं आणि त्यांना दाखवलं.