आग्नेय कोपऱ्यातली हार्ड डिस्क

"तिसरी पण गेली," वसंतराव फोनवर म्हणाले. आवाजात दुःखापेक्षा समाधान जास्त होतं. "मी सांगून राह्यलो होतो ना सोनवणे, तुमचा कंप्युटर आमच्या सुनेच्या हातात टिकत नाही."

बुरहानपुरात मी तेव्हा एका कंप्युटरच्या दुकानात रिपेअरिंग बघायचो. वसंतराव तिथल्याच लालबाग भागातले. कापडाचं दुकान मुलाच्या हवाली करून ते घरी बसले होते. बसले म्हणजे काय, दुकानाऐवजी घर चालवायला घेतलं होतं. त्यांची सून ज्योती घरातल्या जुन्या कंप्युटरवर लग्नपत्रिका कंपोझ करायची, मराठी आणि हिंदी दोन्ही. गावातली एक प्रेस तिला काम द्यायची. सासऱ्यांना हे कधीच पटलं नाही, पण नाही म्हणायला कारण सापडत नव्हतं. हार्ड डिस्कनं ते आयतं आणून दिलं.

हार्ड डिस्क म्हणजे कंप्युटरची तिजोरी. सगळा माल तिच्यात. त्या काळच्या डिस्कमध्ये गुळगुळीत चकत्या गरगर फिरायच्या आणि वर, केसाएवढंही अंतर न ठेवता, वाचणारं हेड तरंगायचं. चालू असताना हादरा बसला की हेड चकतीला घासतं आणि तेवढी जागा कायमची वाया जाते. त्याला आम्ही बॅड सेक्टर म्हणतो. गिऱ्हाईक त्याला डुप्लिकेट माल म्हणतं.

पहिली डिस्क जुनी होती, तिची वेळ भरली असं मी म्हणालो. दुसरी नवी होती. ती गेल्यावर पॉवर सप्लाय बदलला, केबल बदलली, यूपीएस बसवला. दुकानात टेबलावर कंप्युटर दिवसभर शहाण्यासारखा चालायचा. लालबागला पोचला की आठवड्या-दोन आठवड्यांत डिस्कची टक टक सुरू. दुकानाचे सेठ मला म्हणाले, "डिस्क बदलायला मिस्त्री कशाला पाहिजे? ते तर मी पण करतो." म्हणणं खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं.

तिसऱ्या फोननंतर मी तपासायला घरीच गेलो. सोबत तपासणीपुरती एक जुनी चालू डिस्क घेतली. ज्योती दारातच म्हणाली, "भाऊ, प्रेसवाल्यांनी सांगितलंय, यावेळी पत्रिका लटकल्या तर काम दुसऱ्याला. आणि बाबा म्हणतात, आता हा डबा विकूनच टाकू."

बाबा झोपाळ्यावर होते. "मी अनुभवानं बोलतो. ती दिवसभर टकटक करत राह्यते. मशीनला आराम नाही. गरम होऊन जाते."

"काका, कीबोर्डवर बोटं आपटून हार्ड डिस्क जात नाही."

"तुमच्या पुस्तकात जात नसेल."

मॉनिटर टेबलावर होता, पण कॅबिनेट, ज्याला सगळं गाव सीपीयू म्हणतं, ते बाजूला कोपऱ्यात एका उंच चौकोनी बैठकीवर. बैठकीवर क्रोशाचं पांढरं झाकण, पार जमिनीपर्यंत. मी याआधी दोनदा तिथंच कॅबिनेट जोडून गेलो होतो. बैठक मजबूत होती, मी कौतुकही केलं होतं.

"ही जागा मी ठरवली," वसंतराव म्हणाले. "वास्तुवाल्याला बोलावलं होतं. विजेच्या वस्तू आग्नेयेला. सगळ्या."

मी डिस्क जोडली आणि लाइट गेली. हे बुरहानपुरात त्या वेळी इतकं नित्याचं होतं की कुणी वरसुद्धा बघितलं नाही. चहा झाला. वसंतरावांनी मला सुना आणि मशिनी कशा हाताळाव्यात ते सांगितलं. मी दोन्ही विषयांत कच्चा असल्यासारखी मान हलवत राहिलो.

लाइट आली तेव्हा घरात एकदम धावपळ उडाली. पुन्हा कधी जाईल याचा भरवसा नव्हता, म्हणून ज्याचं जे विजेवरचं काम, ते त्यानं त्याच क्षणी सुरू करायचं. पाण्याची मोटार लागली. ज्योतीनं कंप्युटर चालू केला. आणि वसंतरावांच्या पत्नी सुमनकाकू ज्वारीचं भांडं घेऊन आल्या. त्यांनी क्रोशाचं झाकण वर केलं, बैठकीचं दार उघडलं, आतल्या कोठीत ज्वारी ओतली आणि बटण दाबलं.

ती घरघंटी होती. घरची पिठाची चक्की.

सगळा कोपरा थरथरायला लागला. कॅबिनेट बारीक नाचत नाचत कडेला सरकलं. काकूंनी सवयीनं एका हातानं ते जागेवर दाबून धरलं. आतून डिस्कनं पहिली टक ऐकवली आणि मी भिंतीवरचं बटण बंद केलं.

"काकू, हे रोज?"

"रोज. यांना शिळं पीठ चालत नाही. भाकरी ताज्या पिठाचीच पाहिजे, नाहीतर पोट बिघडते."

ज्योती माझ्याकडे बघत होती. दळताना आवाजानं डोकं उठतं म्हणून ती त्या वेळी आत जायची. कंप्युटर मात्र चालूच ठेवायची, कारण तो पुन्हा सुरू व्हायला फार वेळ घ्यायचा. मी तेव्हा बेतानं बोलायला हवं होतं, पण बोललो नाही.

"काका, तुमच्या पोटानं तीन हार्ड डिस्क खाल्ल्या."

वसंतरावांनी झोपाळा थांबवला. म्हणाले, "कंप्युटर आग्नेयेतून हलणार नाही. वास्तूचा प्रश्न आहे."

"नका हलवू," सुमनकाकू म्हणाल्या. "घरघंटी माझ्या माहेरी पाठवते. तुम्ही डबा घेऊन गल्लीतल्या चक्कीवर जात जा. रोज. ताजं पीठ मिळते तिथं."

मेलेल्या डिस्कमधून निघाल्या तेवढ्या पत्रिका मी काढून दिल्या. उरलेल्या ज्योतीनं पुन्हा टाइप केल्या आणि वेळेत दिल्या. काम तिच्याकडेच राहिलं. नवी डिस्क घालून कॅबिनेट आग्नेयेलाच, साध्या स्टुलावर ठेवलं. ती चौथी डिस्क मी बुरहानपूर सोडेपर्यंत चालू होती.

एकदा चक्कीसमोर वसंतराव दिसले. हातात डबा, रांगेत उभे. पुढच्या माणसाला सांगत होते, "दुकानवाल्यांना समजलंच नाही. शेवटी घरातच बसून फॉल्ट पकडला आम्ही."

तेव्हापासून डिस्क तपासण्याआधी ती कशावर ठेवली आहे ते मी झाकण उचलून बघतो. आणि घरात सुनेला सगळ्यात मोठ्यानं दोष कोण देतंय तेही ऐकून घेतो. तपासणीचा निम्मा वेळ तिथंच वाचतो.