रविवारची गादी

गादी आली तेव्हा ती गादीसारखी दिसतच नव्हती. पुठ्ठ्याच्या लांब खोक्यात, गुंडाळी करून, प्लास्टिकमध्ये आवळून पाठवलेली. कुरिअरवाल्याने ती दारात आडवी टाकली, मोबाइलवर माझी सही घेतली आणि गेला. नवऱ्याने कात्रीने प्लास्टिक कापलं तसा फुस्स आवाज झाला आणि ती बया आमच्या पुढच्या खोलीत आपली आपणच फुगायला लागली. वास असा सुटला की घरात टायरचं दुकान टाकलंय की काय. मला ती पहिल्या क्षणापासून आवडली नाही आणि मी ते लपवलंही नाही.

पाठवली होती मोठ्या भाऊजींनी, पुण्याहून. माझ्या सासूबाई गावी, पोखर्णीच्या घरी, ओसरीवरून पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, परभणीत ऑपरेशन झालं आणि तिथून त्या आमच्याकडे आल्या. भाऊजी ऑपरेशनला आले होते. बाहेरच्या बाकड्यावर बसून लॅपटॉप बघत होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत गेले. आईसाठी काहीतरी करावं असं त्यांना मनापासून वाटत असणार, वाटत नव्हतं असं मी म्हणत नाही. म्हणून त्यांनी गादी पाठवली.

गादीबरोबर सूचनांचा कागद होता, पण भाऊजींना कागदावर भरवसा नसावा. फोन करून त्यांनी मला सगळं तोंडी ऐकवलं. दोन दिवस पंख्याखाली उघडी ठेव, वास जाईल. पाणी लागू देऊ नकोस. अधूनमधून डोक्याकडची बाजू पायाकडे कर. नवी आहे तोवर गुडघ्यांनी सगळीकडून दाबून घे, म्हणजे लवकर मऊ पडेल. आणि उन्हात तर मुळीच टाकायची नाही, उन्हाने फोम खराब होतो. परभणीत राहायचं आणि गादीला ऊन दाखवायचं नाही! इथे मार्च उजाडला की माणसं सोडून बाकी सगळं गच्चीवर वाळत पडलेलं असतं.

तरी मी केलं. पदर खोचून त्या गादीवर गुडघ्यांनी इकडून तिकडे फिरले. सासूबाई खुर्चीत बसून बघत होत्या आणि मधूनच म्हणत होत्या, "हळू दाब गं, थोरल्यानं पाठविलीय." माझे गुडघे गेले तरी चालतील, गादी दुखावली नाही पाहिजे, असा एकूण सूर होता.

खरी अडचण पुढे आली. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की पेशंटने आपल्या जोरावर कूस बदलत राहायचं. एकाच अंगावर पडून राहिलं तर पाठीला जखमा होतात आणि मग त्या निस्तरता येत नाहीत. जुन्या कापसाच्या गादीवर सासूबाईंना ते जमत होतं. कोपर रोवायचं, पलंगाचा दांडा धरायचा, "आई आई गं" म्हणत वळायचं. या नव्या गादीवर कोपर रोवायला जावं तर ते आतच जायचं. मागोमाग खांदा, मग कंबर. त्या मधोमध रुतून छताकडे बघत पडायच्या आणि मला हाका मारायच्या.

"पावसाच्या रानात पाय रुततो बघ, तसं समदं अंग रुतायलंय," त्या म्हणाल्या.

चार-दोन दिवसांत माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला. मी त्याच दुपारी फोमची गादी ओढून भिंतीला उभी केली आणि कापसाची अंथरली. घरच्या रानातला कापूस, पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली, दर उन्हाळ्यात गच्चीवर नेऊन काठीने झोडलेली. जागोजाग गोळे झालेत, दिसायला दळभद्री आहे, पण कोपराला टेकू देते. सासूबाई त्या दिवशी आपल्या आपण भिंतीकडे वळून घोरायला लागल्या. चट्टाही हळूहळू उतरला.

मी भाऊजींना सरळ फोन केला. ही गादी आत्याबाईंना (सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणते) जमत नाही, वळता येत नाही, चट्टा पडला होता. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, असं वाटलं. मग म्हणाले, "शरीराला सवय व्हायला महिना लागतो, कागदावरच दिलंय तसं. तुम्ही लोक कशालाच वेळ देत नाही."

तुम्ही लोक! मी फोन ठेवला आणि ठरवलं, आता यांना यांच्या आईनेच सांगू दे. माझं सांगणं म्हणजे कुरकुर, आईचं सांगणं म्हणजे खरं. सासूबाईंनी एकदा, फक्त एकदा, त्यांच्या तोंडावर म्हणावं की बाबा, तुझी गादी मला सोसत नाही, मी जुन्याच गादीवर झोपते आणि मला ही उठवते-बसवते. मला दुसरं काही नको होतं. साडी नको, कौतुकाचे चार शब्द नकोत. एवढं एक वाक्य हवं होतं.

सासूबाईंनी केलं काय? रविवारी भाऊजींचा व्हिडिओ कॉल यायच्या आधी मला म्हणाल्या, "अगं, ती नवी गादी टाक की. थोरला बघंल, त्याचं मन मोडंल."

झालं, दर रविवारचा उद्योग ठरला. सासूबाईंना उचलून खुर्चीत बसवायचं, जुनी गादी काढायची, नवी टाकायची, तिच्यावर चांगली चादर घालायची, पुन्हा उचलून सासूबाईंना निजवायचं, केस विंचरून द्यायचे आणि फोन समोर धरून उभं राहायचं. नवऱ्याला नेमकी त्याच वेळी भाजी आणायची आठवण व्हायची. स्क्रीनवर भाऊजी विचारायचे, "मग आई, गादी कशी आहे?" आणि सासूबाई तोंडभर हसून सांगायच्या, "लय झोप लागायलीय रे बाबा! कापसात पडल्यावानी वाटतंय." फोन बंद झाला की माझ्याकडे वळून, "काढ बाई लवकर, जीव घाबरा व्हायलाय." की सगळं उलट्या क्रमाने परत. भाऊजींनी आईच्या पाठीची चौकशी कधी केली असेल तर मला आठवत नाही. गादीची मात्र दर वेळी केली.

मग एका रविवारी माझी कंबर धरली. सकाळी वाकून बादली उचलली आणि तशीच अर्धी वाकलेली राहिले. सासूबाईंनी आठवण केली तेव्हा मी म्हणाले, "आज नाही बदलायची, आत्याबाई. आज जे आहे ते दिसू द्या त्यांना." त्यांनी पदर सारखा केला. मला वाटलं, पटलं असेल. फोन आला आणि मी तो मुद्दाम असा धरला की गोळे झालेली गादी, विटलेला अभ्रा, सगळं दिसावं. मला बरंही वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

"आई, ती गादी कुठाय?" भाऊजींनी विचारलं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, सांगा म्हणून. त्या फोनकडे वळल्या आणि म्हणाल्या, "हिनं घेतली. हिची कंबर दुखायलीय म्हनं. हीच झोपती त्याच्यावर."

भाऊजी पलीकडून म्हणाले, "मला वाटलंच होतं. आजारी माणसाची गादी काढून घ्यायची म्हणजे कमाल आहे." मी तोंड उघडलं, पण त्यांनी आईला जपून राहायला सांगितलं आणि कॉल बंद केला. नवरा मेथीच्या जुड्या घेऊन आला, त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे, म्हातारं माणूस आहे." मला त्या क्षणी त्याचाही तिरस्कार वाटला. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली, भाकरी करपवल्या आणि कोणाला काही विचारलं नाही.

पण जेवायला सासूबाईंना उठवून बसवावंच लागतं. मी गेले. त्यांनी नेहमीसारखे दोन्ही हात माझ्या मानेत टाकले, जसं काही घडलंच नव्हतं. अर्ध्यावर उचलल्यावर मी विचारलं, "असं का सांगितलंत, आत्याबाई?"

त्यांना जराही लाज वाटली नाही. त्या माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून म्हणाल्या, "त्यो लांब हाय गं. त्याचं मन मोडलं तर त्यो फोन करायचा न्हाई. तुझं काय, तू हायसच."

सगळा भार माझ्या मानेवर टाकून त्या हे म्हणाल्या. माझी कंबर ठणकत होती. मला इतका राग आला की हात सोडून द्यावेत असं वाटलं, अगदी खरंच वाटलं. पण सोडले असते, तर उचलायला परत मीच होते.