कोंबड्या चालवणारे मामंजी

आमच्या घरी आधी मेंढरं होती. मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, अर्धी हयात त्यांच्यामागं चालण्यात गेली. गुडघे थकले, मेंढरं विकली आणि लोणीतल्या आमच्या रानात ब्रॉयलर कोंबड्यांची शेड उभी राहिली. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट.

त्या कोंबड्या बघून म्हातारा हबकलाच. नुसतं खायचं आणि बसायचं! छाती अशी फुगलेली की पायांना पेलवेना. "सूनबाई, बसून ऱ्हायलं की जनावर खलास," म्हणायचे. मग रोज दुपार कलली की काठी घेऊन शेडमध्ये शिरायचे, शीळ घालायचे आणि सगळ्यांना या टोकाकडून त्या टोकाला हाकायचे. बिचाऱ्या पंख फडफडवत, धडपडत पळायच्या. मामंजी खूश! मीही हसायचे. मेंढरं गेल्यापासून तेवढाच वेळ ते खुलायचे, मग त्यांना अडवणार कोण?

एकदा पाहुणे आले म्हणून मी कोंबडी साफ करायला घेतली. वरून धडधाकट होती. छातीचा आतला तुकडा सोडवला आणि शी! हिरवागार. दुसरी कापली, तीही तशीच. माझं डोकंच फिरलं. "खाद्यातच काहीतरी घातलंय मेल्यांनी!" म्हणून मी अंगणभर ओरडले. पाहुण्यांना पिठलं वाढलं आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलावणं धाडलं.

डॉक्टरांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, "विष नाही, वहिनी. या जातीची छाती फार झपाट्यानं वाढते. जोरात फडफड झाली की आतला स्नायू सुजतो, पण त्याच्या भोवतीचं आवरण ताणलं जात नाही. मग रक्त पोचत नाही आणि मांस आतल्या आत मरतं. यांना कोणी पळवतं का?"

मामंजी दारातच उभे होते. मी पटकन म्हणाले, "कुत्रं शिरतं कधीकधी."

"कुत्रं न्हाई, डाक्टर. मीच पळवतो," मामंजी म्हणाले. मग हळूच विचारलं, "लई दुखत असंल का वो त्यांना?"

डॉक्टरांनी हातातला तुकडा हळूच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मामंजी शेडमध्ये गेले, पण काठी बाहेर ठेवून. कोंबड्यांजवळ भुईवर बसून राहिले. दारात आमची एक शेळी होती. तिला ते आधी लांबूनच शीळ घालून बोलवायचे. त्या दिवसापासून मात्र शीळ बंद झाली; तिलाही ते दुखऱ्या गुडघ्यांनी जवळ जाऊन, हात लावून उठवायचे.