कलमाखालचा कोंब

संध्याकाळी मावशी अंगणातून आत आली की काका तिला दारातच थांबवत. खिशातला बारीक कंगवा काढत आणि तिच्या केसांत अडकलेले बॉटलब्रशच्या फुलांचे लाल तंतू एकेक करून विंचरून काढत. काकांचं कोपऱ्यावर केस कापायचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या डोक्यांवर वाकलेला माणूस घरी येऊन पुन्हा तेच करी. पाहणाऱ्याला ते प्रेम वाटे, आणि होतंही. पण चिमटीतले तंतू दाराबाहेर टाकतानाचा त्यांचा चेहरा पाहिला की आणखीही काही कळे.

कारण ते झाड पहिल्या काकांनी लावलेलं होतं.

पहिले काका म्हणजे मावशीचे पहिले यजमान. मी त्यांना पाहिलेलं नाही. ते गेल्यावर काही वर्षांनी मावशीने पुन्हा लग्न केलं आणि काका तिच्या घरी राहायला आले. पहिल्या काकांचा फोटो मावशीने आपणहून कपाटात ठेवला. पण झाड काही कपाटात ठेवता येत नाही. ते खिडकीसमोरच होतं, न्हाऊन आलेल्या बाईसारखं, सगळ्या फांद्या मोकळ्या सोडून. मावशी लोकांचे कपडे दुरुस्त करून द्यायची. पँटची लांबी, बिघडलेली चेन, उसवलेली बाही. तिचं लहानसं टेबल कायम त्या फांद्यांखाली असे.

"गेलेल्या माणसाशी कसली बरोबरी करता?" ती म्हणे.

"मी कुठे काय म्हणालो? एवढ्या मोठ्या अंगणात बसायला दुसरी जागा नाही का, इतकंच विचारलं."

शेवटी काकांनी ठरवलं, आपणही झाड लावायचं. तसंच, फांद्या खाली सोडणारं. मावशीने आपल्या झाडाखाली बसावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नाही. दाखवायची गरजही नव्हती. एका सुट्टीच्या दिवशी मला बरोबर घेऊन ते नर्सरीत गेले.

"सगळ्यात जास्त लोंबणारं द्या," ते म्हणाले. "आणि उंच. तिथे आधीचं एक आहे, त्याच्यापेक्षा उंच."

"शेजाऱ्यांचं का?" नर्सरीवालीने विचारलं.

"घरचंच आहे," काका म्हणाले आणि कुंड्यांकडे बघू लागले.

तिने एक तुती दाखवली. सरळ खोड, आणि वर छत्री उघडावी तशा खाली वळलेल्या फांद्या. "हे साध्या तुतीच्या खोडावर बांधलेलं कलम आहे," ती म्हणाली. "उंची आता फारशी वाढायची नाही. फांद्या मात्र जमिनीला टेकेपर्यंत खाली येतील. फक्त कलमाच्या खालून सरळ कोंब आला तर लगेच काढा. तो साध्या तुतीचा असतो. ठेवलात तर वरच्याला जगू देणार नाही."

"कापायचं मला नका शिकवू. त्याच्यावरच पोट आहे आमचं."

त्यातल्या त्यात उंच खोडाची तुती घेऊन आम्ही आलो. काकांनी ती अंगणाच्या दुसऱ्या टोकाला लावली, काठीचा आधार दिला. सकाळी दुकानात जाण्याआधी ते तिला पाणी घालत आणि मग बॉटलब्रशकडे असे बघत, जसं समोरच्या नव्या दुकानातल्या गर्दीकडे बघावं.

तुती रुजली. फांद्या खाली येऊ लागल्या. आणि एका उन्हाळ्यात कलमाच्या बोटभर खालून एक कोंब निघाला, सरळ, जाडजूड, तळहाताएवढ्या पानांचा.

काकांनी तो पाहिला. कात्री खिशात होती. पण कोंब आठवड्यागणिक वर चढत होता, आणि पलीकडचं झाड होतं तेवढंच होतं. ज्यांनी जन्मात कुणाची बट वेडीवाकडी वाढू दिली नाही, त्यांचा हात इथे उठेना.

"हे सरळ काय चाललंय वर?" मावशीने विचारलं.

"उंची घेतोय."

"बाईने काढायला सांगितलं होतं ना?"

"बाईला काय, तिच्याकडे शंभर झाडं आहेत."

पुढच्या वर्षी त्या कोंबाने बॉटलब्रशला मागे टाकलं. काकांनी ही बातमी दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली, गिऱ्हाईक मान हलवू शकत नसताना. घरी मात्र कलमाच्या लोंबत्या फांद्या काडीसारख्या वाळत होत्या. पानं नखाएवढी येत आणि गळत.

"अहो, तुमच्या झाडाला टक्कल पडतंय," मावशी म्हणाली.

काका हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते नर्सरीत जाऊन आले. नर्सरीवालीने एकच सांगितलं होतं: सरळ ठेवायचं की लोंबतं, ते ठरवा, दोन्ही जगणार नाही.

ते बराच वेळ पायरीवर बसून होते. सरळ झाड बॉटलब्रशच्या वर डोलत होतं, जिंकलेलं होतं. पण त्याच्याखाली बसणार कोण? त्याच्या फांद्या तर आभाळाकडे चालल्या होत्या.

काकांनी करवत आणली आणि खोडालगत तो कोंब कापला. ते एवढं मोठं धूड कुंपणावर कोसळलं. उरली ती खुजी, विरळ तुती, पलीकडच्या झाडाच्या कमरेएवढी.

पण तुती सावरली. दोन हंगामांत तिच्या फांद्या दाट होऊन मातीला टेकल्या; आत शिरलं की हिरवी खोलीच. मग एका सकाळी मावशीने टेबल उचलून तिथे नेलं.

"डुगडुगतंय का?" काकांनी विचारलं.

"छे," मावशी म्हणाली. एका पायाखाली तिने पुठ्ठ्याची घडी सरकवली होती.

काका दुकानात गेल्यावर मी विचारलं, "इतकी वर्षं का नाही बसलीस दुसरीकडे?"

"अगं, तिकडे त्या झाडाखाली फरशी आहे. टेबल हलत नाही."

"मग काकांना सांगितलं का नाहीस?"

तिने दोरा दातांनी तोडला. "सांगितलं असतं तर झाडाऐवजी फरशी घेऊन आले असते."

वाटलं, आता तरी काका निवांत होतील. पण सकाळी तुतीखाली बसणारी मावशी ऊन फिरलं की बॉटलब्रशखाली जाई, आणि ते त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे दुपारी तिकडेच," ते मला म्हणाले. "सकाळ काय, कुणीही कुणालाही देतं."

काका वारले त्या दिवशी ते दुकानातून लवकर आले होते. अंग जड वाटतंय म्हणाले, चहा अर्धा ठेवला. मावशी बादली घेऊन अंगणात निघाली होती. काका पलंगावर आडवे झाले, चादर ओढली, कुशीवर वळले आणि तिला हाक मारून म्हणाले, "अगं, पाणी आज बारीक येतंय. आधी तुतीला घाल. मग उरलं तर बघ."