नानांचा मोठ्ठा बफर

शोभाअक्काला कामावरून काढायचं नानांनी नक्की केलं होतं. मला जळगावहून बोलावलं ते फक्त फोनमध्ये दोष नाही, एवढं सर्वांसमोर सांगायला.

नानांचं चोपड्याजवळ केळीचं पॅकहाउस आणि कोल्ड स्टोरेज आहे. शोभाअक्का तिथली सुपरवायझर. वायफायवर चालणारे तिथले इंटरनेट फोन मी बसवलेले. तक्रार एकच होती, नाना बोलत असताना अक्का मध्येच तोंड घालते. आमच्याकडे वडीलधाऱ्याचं बोलणं तोडणं हा चोरीच्या खालोखालचा गुन्हा. वडीलधारा मालक असेल तर चोरी परवडली.

मी सेटिंग उघडलं आणि डोक्याला हात लावला.

फोन आपला आवाज बारीक तुकडे करून पाठवतो. तो किती दाबून पाठवायचा, हे कोडेक ठरवतो. तुकडे पोहोचतात ते कोणी लवकर, कोणी रमतगमत. म्हणून फोन ते क्षणभर साठवून ओळीने ऐकवतो. ही साठवण म्हणजे जिटर बफर. मी तो बेताचा ठेवला होता. पण गच्चीवर टाकी मोठी घेतो, मग बफर लहान का ठेवायचा, असं म्हणत नानांनी माझ्या मागे तो शेवटच्या टोकाला नेला होता. कोडेकही सगळ्यात वजनदार निवडला होता. हलकं काहीच त्यांना खपत नाही. आता शब्द जवळजवळ सेकंदभर उशिरा पोहोचत होता. नाना थांबले असं वाटून अक्का बोलायला लागायची, तोवर नानांचं पुढचं वाक्य सुरू झालेलं असायचं.

हे मी नानांना समजावलं. ते अक्काकडे बोट दाखवून म्हणाले, “मशीन नवंकोरं शे. खोड तिन्हामा शे.”

त्यांच्या ऑफिसच्या काचेतून पॅकिंग हॉल दिसतो. मी अक्काला फोन घेऊन काचेपलीकडे उभं केलं आणि नानांच्या कानाला फोन लावला. अक्काने सकाळी कुठल्या गाड्या भरल्या ते सांगितलं आणि तोंड मिटलं. नाना काचेला नाक लावून बघत राहिले, कानात तिचा आवाज अजून चालूच होता.

“ती गप बठनी, तरी बोली राहिनी,” ते हळूच म्हणाले.

मी बफर पुन्हा बेताचा केला, कोडेक हलका केला. अक्काची नोकरी राहिली. मला मनापासून बरं वाटलं. माफी कोणी मागितली नाही. नानांनी फोनच्या कंपनीला चार शिव्या दिल्या आणि विषय मिटवला.

मग त्यांनी स्वतः अक्काला फोन लावून पाहिला. आवाज लख्ख आणि लगेच. अक्का दोन शब्द बोलली आणि नानांनी तिला तोडलं. पुन्हा बोलली, पुन्हा तोडलं. उशीर सेटिंगमधून काढता येतो, घाईसाठी अजून बटण निघालेलं नाही.

निघताना अक्का गेटपर्यंत आली. आभार मानेल असं वाटलं होतं.

“साहेब, पहिलेच बरं व्हतं,” ती म्हणाली. “मन्हं बोलनं पुरं तरी व्हये.”