बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

दोन फेब्रुवारी. खोलीत तीन जीव : आजी, सून आणि नऊ वर्षांची नात.

सून शर्टांच्या कारखान्यात काज-बटण करी. शिवणकामाच्या त्या लांबट दालनात काही टाकून द्यायचे नाही, असा बायकांचाच नेम होता. उरलेली बटणे, अर्धी रिळे आणि कुणाच्या आजारातून शिल्लक राहिलेल्या गोळ्या एकाच पत्र्याच्या डब्यात पडत. डबा तिच्या टेबलाखाली असे, म्हणून ती साऱ्यांची बटणमावशी. रजा मागितली की सुपरवायझर म्हणे, “घसा दुखतोय? मग गाऊ नकोस, काज कर.” बायका हसत आणि डबा उघडत.

त्या सकाळी मुलीला एकाएकी ताप भरला. थुंकीही गिळवेना, पण खोकला नव्हता, सर्दी नव्हती. डॉक्टरीणबाईंनी बॅटरीच्या उजेडात पाहिले : टॉन्सिल लाल, सुजलेले, त्यांवर पांढरे ठिपके, जबड्याखालच्या गाठी हात लावताच दुखणाऱ्या. कापसाच्या काडीने घशातला नमुना घेऊन तपासला आणि त्या म्हणाल्या, “स्ट्रेप्टोकोकस जंतू आहे. पेनिसिलिनच्या गोळ्या दहा दिवस. बरं वाटलं तरी थांबायचं नाही.”

चौथ्या दिवशी मुलगी गल्लीत दोरीवरच्या उड्या मारत होती. आजी म्हणाली, “आता कशाला पोरीवर औषधाचा मारा?” तिकडे कारखान्यात कापडाच्या कडा शिवणारी ओव्हरलॉकवाली गळा धरून बसली होती. “मावशी, गिळताना काटे टोचतात. डब्यात आहे का काही?” उरलेल्या गोळ्या डब्यात आल्या, डब्यातून तिच्याकडे गेल्या. एकीच्या तापातले औषध दुसरीच्या घशाला उपयोगी पडले, याचे सर्वांनाच समाधान वाटले. रजा नसलेल्या माणसांची माया अशाच वाटांनी जाते.

महिना संपता संपता मुलीचा गुडघा सुजला. दोन दिवसांत तो उतरला आणि घोटा धरला. “मार अजून उड्या!” म्हणत आजीने तेल चोळले. पण जिना चढताना मुलीला धाप लागू लागली, तेव्हा आईचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. कारखान्यात पट्टीवर माप घेतानाही तिला पोरीचा श्वास ऐकू येई. काजे वाकडी कापली जात.

डॉक्टरीणबाई छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या.

“गोळ्या पुऱ्या झाल्या होत्या?”

“झाल्या.”

“आई, तू डब्यात ठेवल्यास ना?” मुलगी म्हणाली.

आईने मान खाली घातली. रक्त तपासले, हृदयाची सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. “हा ऱ्हुमॅटिक ताप. जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःच्याच सांध्यांवर, हृदयावर उलटतं. एक झडप नीट मिटत नाहीये. आता दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं. पुन्हा असा घसा सुजला, तर झडप आणखी बिघडेल.”

“आणि जिनं उरलेल्या गोळ्या घेतल्या, तिचं?” आईने विचारले.

“तिलाही पाठवा. आजच.”

ती तडक कारखान्यात गेली आणि डब्यातल्या गोळ्या निवडून वेगळ्या काढू लागली.

“एवढं औषध फेकतेस? डोकं ठिकाणावर आहे ना?” कुणीतरी विचारले.

“पोरीच्या छातीत काय झालंय, ते ऐकून आले,” ती म्हणाली. मग ओव्हरलॉकवालीला, “ऊठ. घसा अजून दुखतोच ना? डॉक्टरकडे जा. तुझ्या मशीनवर मी बसते.”

“आणि काजं कोण करणार?” सुपरवायझर ओरडला.

“उद्या करीन. आज हिचा घसा.”

तिच्या घशाच्या नमुन्यातही तेच जंतू निघाले, तिलाही दहा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. पुढे रोज दुपारी बटणमावशी ओव्हरलॉकपाशी उभी राही. “गोळी गिळलीस? तोंड उघड.”

“बाई गं, नवऱ्यानंसुद्धा माझ्याकडे एवढं बघितलं नाही!” हसत हसत तिने दहाही दिवस पुरे केले.

डब्यात आता फक्त बटणे असतात. मुलगी जिना चढते, मधल्या पायरीवर थांबते, पुन्हा चढते. इंजेक्शनच्या दिवशी आई तिला घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसते. कारखान्याने त्या दिवसांचा पगार अजून दिलेला नाही.