मामींच्या पोर्टिकोतली खुर्ची

चेन्नईत मी खोली घेतली ती नुंगंबाक्कममध्ये, आणि घेतली ती एकाच कारणासाठी: घरमालकीण मराठी बोलते, असं दलालानं सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी बाई दारात येऊन म्हणाल्या, "ये पोरी, बैस. जेवण जालें कीं? सांबार आहे, वर तूप घालून देतें." मला वाटलं, जुन्या बखरीतलं कुणीतरी नऊवारी सोडून सहावारी नेसून आलंय. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं. घरात ही मराठी, बाहेर तमिळ, आणि राग आला की दोन्ही एकदम. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. माझ्या सख्ख्या मामीशी तेव्हा माझं अजिबात पटत नव्हतं, त्यामुळे ती जागा तशीही रिकामीच होती.

मी मिरजेची. शहराबाहेर सिरुसेरीला आयटी कंपनीत नोकरी, सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी घामानं आंबलेली परत. नाकावर राग घेऊनच मी फाटक उघडायचे आणि समोर पोर्टिकोतला तो पसारा बघून आणखी चिडायचे. तिथे खरं तर गाडी असायला हवी होती. मामा मोठे सरकारी अधिकारी होते. ते गेल्यावर मामींनी गाडी विकली आणि तिच्या जागी मामांच्या आजारपणातल्या वस्तू ठेवल्या: व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, हवा भरायची गादी. नातेवाईक म्हणाले, भंगारात देऊन टाका. मामी म्हणाल्या, "कोणाच्या तरी कामाचें आहे, भंगारात काय म्हणून देऊं?" मग गल्लीतल्या कुणाची आई पडली, कुणाचे वडील अंथरुणाला खिळले, तसतशा वस्तू जाऊ-येऊ लागल्या. लोक आपल्या घरातल्या वस्तूही आणून ठेवू लागले. पोर्टिकोत पाय ठेवायला जागा उरली नाही.

भाडं नव्हतं, अनामत नव्हती. नियम एकच होता, वस्तू रिकामी परत आणायची नाही. शेजारणीची वाटी आपण रिकामी पाठवतो का? तसंच. घेणाऱ्यालाही काहीतरी देता आलं पाहिजे, नाहीतर त्याची मान खालीच राहते, असं मामींचं म्हणणं होतं. त्यामुळे वॉकर यायचा तो शेवग्याच्या शेंगा बांधून. गादीत गुंडाळून कैऱ्या यायच्या. एकदा एका कोळणीनं कमोडच्या खुर्चीवर सुक्या मासळीचं पुडकं ठेवून पाठवलं. चातुर्मासात कांदासुद्धा न खाणाऱ्या मामींनी नाकाला पदर लावला, "फार बरें केलेंस हो," असं तिला म्हणाल्या आणि पुडकं दोन बोटांत धरून माझ्या हाती दिलं. मी ते पेरुंगुडीला मैत्रिणीच्या फ्लॅटवर नेऊन तळलं. ती सोसायटी माझ्यावर अजून रागावलेली असेल.

गल्लीच्या कोपऱ्यावर देऊळ, आणि देवळाच्या दाराशी जमिनीवर मांडी घालून बसणारी फुलवाली. मोगऱ्याची माळ ती हातावर मोजून द्यायची, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक मुळम. तिचा हात आखूड, भाव चढा, आणि यावरून मामींचं नि तिचं रोज भांडण व्हायचं. भांडण झाल्याशिवाय मामींच्या देवाला फूल चढत नसे.

ती फुलवाली उघड्या गटाराशी घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. सरकारी इस्पितळात ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की बरेच महिने जमिनीवर बसायचं नाही. आता फुलवालीनं जमिनीवर बसायचं नाही तर बसायचं कुठे? घरात ती आणि शिकणारी मुलगी, मिळवणारी ती एकटी. कोपऱ्यावरची जागा काही तिच्या नावावर नव्हती. रोज बसेल त्याची जागा. दुसरी एक बाई टोपली घेऊन तिथे घुटमळूही लागली होती.

मामींनी लगेच व्हीलचेअर काढली. मी सुट्टीच्या दिवशी ती पुसली, चाकांना तेल घातलं आणि स्वतः ढकलत फुलवालीकडे पोहोचवली. परत येताना मी स्वतःवर इतकी खूश होते की वाटेत एक कोल्ड कॉफी प्यायले.

शुक्रवारी मला उशीर झाला. रात्री बसमधून उतरून आले तर व्हीलचेअर पोर्टिकोत परत आलेली. नियमाप्रमाणे रिकामी नव्हती. तिच्यावर केळीच्या पानात चिल्लर आणि एक-दोन चुरगळलेल्या नोटा होत्या. शेजारी फुलवालीची मुलगी उभी होती, रडून डोळे सुजलेली. ती म्हणाली, "अम्मानं सांगितलंय, हे पैसे खुर्चीचे आहेत. आमचे नाहीत."

झालं होतं ते असं. टोपली खाली जमिनीवर, फुलवाली वर खुर्चीत, मांडी मोकळी. देवळातून येणाऱ्यांना व्हीलचेअरमधली म्हातारी दिसली, टोपली दिसलीच नाही. शुक्रवारचे भाविक, पुण्य करायला उतावीळ. तिच्या मांडीवर नाणी पडायला लागली. ती "फुलं घ्या, फुलं" म्हणत राहिली आणि लोक तिच्या डोक्यावर हात ठेवून पुढे जात राहिले. आयुष्यभर फुकटचा दोरासुद्धा न घेतलेली बाई आमच्या खुर्चीनं एका संध्याकाळीत भिकारीण झाली.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या भाविकांना मिरजेच्या बोलीत जे काही म्हणाले ते तंजावरच्या मराठीत नसल्यामुळे मामींना कळलं नाही. त्या मला घेऊन फुलवालीच्या घरी गेल्या. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

मामींनी समजावून पाहिलं. खुर्चीत बसण्यात लाज कसली, देणाऱ्यांची अक्कल गेली असेल तर तुझा काय दोष, वगैरे. फुलवाली भिंतीकडेच बघत म्हणाली, "अम्मा, तुम्ही एकदा त्यात बसून देवळाशी या. मग सांगा."

परतताना मामी एवढंच म्हणाल्या, "फुलें तिच्या हातासमोर दिसलीं पाहिजेत, पोरी. पायाशीं नव्हे."

तेव्हा आमच्या ऑफिसात जुनी टेबलं काढून नवी आणत होते. जुन्या टेबलांना खाली कीबोर्डसाठी सरकती फळी असायची. ढीगभर टेबलं मागच्या व्हरांड्यात भंगारवाल्याची वाट बघत पडली होती. मी ॲडमिनच्या साहेबाकडे एक फळी मागितली. त्यानं विचारलं, "कीबोर्डसाठी?" मी म्हटलं, "मोगऱ्यासाठी." त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि बहुधा वाद नको म्हणून हो म्हणाला. कंपनीच्या बसमध्ये मांडीवर फळी घेऊन मी नुंगंबाक्कमपर्यंत आले. सगळ्यांनी यथेच्छ चेष्टा करून घेतली.

सुतारानं ती व्हीलचेअरच्या दोन्ही हातांवर बसवली. बसताना फळी पुढे सरकवायची, बसलं की पोटाशी ओढून घ्यायची. मामींनी तिच्यावर ओलं फडकं अंथरलं, फुलवालीला हाताला धरून बसवलं आणि स्वतःच फुलांची रास ओतली. ती बाई खुर्चीत बसलेली आहे हे आता कुणाला दिसेना. दिसत होता तो पांढराशुभ्र मोगरा आणि त्यामागे गाठी मारणारी बोटं. पहिल्याच गिऱ्हाइकानं भाव विचारला, आणि फुलवालीनं नेहमीपेक्षा जास्तच सांगितला. मामींनी तिथेच भांडण काढलं. मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू.

पुढच्या वर्षी मामी न्हाणीघरात घसरल्या आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. पोर्टिकोत तोवर दुसरी एक व्हीलचेअर येऊन पडली होती. पण मामी तिच्यात फक्त पलंगापासून न्हाणीघरापर्यंत बसत. दाराबाहेर नाही म्हणजे नाही. रोज संध्याकाळी देवळात जाणारी बाई पडदा लावून आत बसून राहिली. जेवण तुटलं, बोलणं तुटलं. मी आधी गोडीत सांगितलं, मग भांडले. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!" असंही म्हणाले. मामी म्हणाल्या, "मज ठाऊक आहे तें. तरी नको." आणि तोंड भिंतीकडे केलं. तशीच पाठ मी आधी एकदा पाहिली होती, त्यामुळे माझा राग तिथेच उतरला. मला भीती वाटली की या आता अशाच विझत जाणार.

मी कोपऱ्यावर जाऊन फुलवालीला सांगितलं. तिचा पाय तोवर बरा होत आला होता. ती थोडी लंगडत चालायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मला एक माळ जास्तीची देऊन वाटेला लावलं.

शुक्रवारी ती आली. व्हीलचेअर पुढे ढकलत, तिच्यावरच भार टाकून, फळीवर मोगऱ्याची ही रास. पोर्टिकोतूनच तिनं हाक मारली, "अम्मा, खुर्ची परत आणली! रिकामी नाही आणली!"

मी मामींना आधार देऊन दारापर्यंत आणलं. फुलवाली दम खात म्हणाली, "मला आता उभं राहून विकता येतं, पण टेकायला खुर्ची लागते. आणि मोकळी खुर्ची टेकलं की उलटते. येताना दोनदा उलटत होती. त्यात वजन पाहिजे."

"वजन?" मामी म्हणाल्या.

"तुम्ही बसा. नाहीतर मी पडेन."

ती खरं बोलत होती की नाही, मला आजही माहीत नाही. मामींनी तिच्या पायाकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि पदर खोचला. "सरी, बरें. पडूं नको बाई," म्हणाल्या, आणि बसल्या. फळी पोटाशी ओढून घेतली.

आम्ही तिघी कोपऱ्यावर पोहोचलो. मामींची मान खाली, डोळे फुलांवर. तेवढ्यात एक माणूस स्कूटर थांबवून थेट त्यांनाच म्हणाला, "पाट्टी, मुळम कितीला?" पाट्टी म्हणजे आजी. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याची बायको, आता काय म्हणेल? मामींनी फुलवालीकडे पाहिलं. ती मुद्दाम पलीकडे बघत दोऱ्याचा गुंता सोडवत उभी होती.

मामींनी भाव सांगितला. इतकी वर्षं ज्याच्यावरून भांडल्या, तोच. मग माळ उचलली आणि स्वतःच्या हातावर कोपरापासून मोजून दिली. मामी उंच, हात लांबलचक. फुलवाली किंचाळली, "अय्यो अम्मा! तुमच्या हातानं मोजलं तर माझा धंदा बुडेल!" मामी हसल्या. पाय मोडल्यापासून पहिल्यांदा हसल्या, आणि मी भर रस्त्यात रडले.

मामा गेल्यापासून देवापलीकडे त्यांनी फुलाला हात लावला नव्हता. त्या रात्री जेवायच्या आधी हात धुवा म्हटलं तर म्हणाल्या, "राहूं दे वास थोडा वेळ."

पुढच्या शुक्रवारी मी बसमधून उतरून फाटक उघडलं, तर मामी आधीच पोर्टिकोत, वेणी घालून, खुर्चीत बसलेल्या. फळीवर ओलं फडकं अंथरलेलं. माझ्याकडे न बघता रस्त्याकडे मान उंच करून म्हणाल्या, "ती अजून काय म्हणून आली नाही गे? धंद्याची वेळ जाली."